पहिले पान टाकण्याआधी

मराठी घरात पत्त्यांना बुद्धिबळाचा मान कधीच मिळाला नाही. मे महिन्याच्या सुटीत मुलांनी बदाम सात खेळावे, लग्नघरी रात्र जागवायला मेंढीकोटाचा डाव रंगावा, एवढीच त्यांना मुभा. त्यापलीकडे पत्ते म्हणजे जुगार आणि जुगार म्हणजे घर धुवून जाणे, हे समीकरण पक्के. अमेरिकेतही शंभर वर्षांपूर्वी फारसे वेगळे वातावरण नव्हते. बावन्न पानांच्या या बदनाम कॅटला तिथल्या दिवाणखान्यांत, वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आणि पुढे जागतिक स्पर्धांच्या टेबलावर नेऊन बसवणारा माणूस मात्र स्वतः प्रतिष्ठित म्हणावा असा अजिबात नव्हता. त्याचे नाव एली कल्बर्टसन. ब्रिज खेळणाऱ्यांच्या दोन पिढ्यांना, हातातली पाने उघडल्यावर पहिले पान टाकण्याआधी विचार करायचा असतो, ही गोष्ट याने शिकवली. त्याचे स्वतःचे आयुष्य मात्र नेमके उलट चालीने गेले.

२२ जुलै १८९१ रोजी रुमानियातील पोयाना वर्बिलाऊ या गावी त्याचा जन्म झाला. वडील आल्मन कल्बर्टसन हे अमेरिकन खाण अभियंता, तेलाच्या शोधात पूर्व युरोपात आलेले. आई झेनिया ही कोसॅक घराण्यातील. बालपण कॉकेशसमध्ये, ग्रोझ्नीच्या तेलविहिरींच्या आसपास गेले. घरात पैसा होता, नोकरचाकर होते, आणि मुलाला रशियन क्रांतिकारकांचे वेड लागले. विद्यार्थीदशेत आपण क्रांतिकारकांच्या गटात सामील झालो, तुरुंगात गेलो आणि तिथेच फाशीची वाट पाहणाऱ्या कैद्यांबरोबर व्हिंट हा रशियन पत्त्यांचा खेळ शिकलो, असे त्याने पुढे १९४० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द स्ट्रेंज लाइव्ज ऑफ वन मॅन' या आत्मचरित्रात रंगवून लिहिले आहे. त्यातले किती खरे आणि किती रचलेले, हा प्रश्न त्याच्या हयातीतही विचारला जात होता. कल्बर्टसनला सत्यापेक्षा चांगल्या गोष्टीची ओढ अधिक होती, हे त्याचे चाहतेही नाकारत नाहीत. तरी एवढे निश्चित की तो पॅरिस आणि जिनिव्हा येथे शिकला, त्याला सहा-सात भाषा सराईतपणे येत होत्या आणि १९१७ च्या क्रांतीने, जिच्यासाठी त्याने तुरुंग भोगल्याचे सांगितले त्याच क्रांतीने, त्याच्या वडिलांची सगळी संपत्ती गिळली.

त्यानंतरची चार वर्षे पॅरिस आणि इतर शहरांतील क्लबांत पत्ते खेळून पोट भरण्यात गेली. १९२१ मध्ये तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत अमेरिकेला परतला. न्यूयॉर्कच्या ब्रिज क्लबांत त्याला जोसेफिन मर्फी डिलन भेटली. ती विधवा होती, तरुण होती आणि ऑक्शन ब्रिजची नावाजलेली शिक्षिका म्हणून स्वतःच्या पायावर उभी होती. १९२३ मध्ये दोघांनी लग्न केले. पुढच्या सगळ्या कीर्तीचा पाया या लग्नात आहे. एली तल्लख, बेभरवशाचा, डाव अर्ध्यावर असताना कल्पनेच्या भराऱ्या मारणारा. जोसेफिन शांत, काटेकोर, समोरच्याचे पान न विसरणारी. टेबलावरची खेळाडू म्हणून ती नवऱ्यापेक्षा अधिक भरवशाची होती, असे अनेक जाणकारांचे मत होते. व्यवहाराच्या दृष्टीने मात्र ती दुसऱ्या क्रमांकाचेच नाव राहिली.

या दोघांचे नशीब पालटले ते एका तिसऱ्याच माणसामुळे. १९२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हॅरल्ड व्हँडरबिल्ट हा कोट्यधीश 'फिनलंड' नावाच्या बोटीने पनामा कालव्यातून हवानाकडे निघाला होता. सोबतच्या तिघांना घेऊन त्याने ऑक्शन ब्रिजच्या गुणपद्धतीत बदल करून पाहिले. तोवरच्या खेळात बोली कितीही लहान लावली तरी जिंकलेले सगळे हात गेमसाठी धरले जात. व्हँडरबिल्टने ठरवले की बोलीत कबूल केले तेवढेच हात गेमसाठी मोजायचे. कबूल केलेले हात झाले नाहीत तर दंड, आणि आधीच एक गेम जिंकून बसलेल्या बाजूला तो दंड अधिक जबर. अशा बाजूला 'व्हल्नरेबल' म्हणायचे, हे बोटीवरच्याच एका तरुणीने सुचवले. या बदलाने बोली ही नुसती चढाओढ उरली नाही, ती वचन झाली. काँट्रॅक्ट म्हणजे करार. करार करणारा तो डिक्लेरर. त्याचा जोडीदार आपली पाने टेबलावर उघडी मांडून डमी होतो आणि पुढचे तेरा हात एकट्या डिक्लेररने दोन्ही बाजूंची सव्वीस पाने खेळून वचन पुरे करायचे असते.

ऑक्शन ब्रिजचे जुने महारथी या नव्या खेळाकडे जरा तुच्छतेने पाहत होते. कल्बर्टसनने ओळखले की नियम बदलले म्हणजे सगळ्यांची पाटी कोरी झाली. पत्त्यांच्या जगात आपल्याला नाव नाही, तेव्हा जुन्यांचे नाव पुसले जाण्यात आपलाच फायदा, हा हिशेब त्याने झटपट केला. हातातल्या पानांची ताकद मोजण्याची, जोडीदाराला बोलीतून माहिती देण्याची स्वतःची पद्धत त्याने बांधली. एक्का म्हणजे एक हात, एकाच रंगाचे एक्का-राजा म्हणजे दोन, राजा-राणी म्हणजे एक, अशी ती मोजणी होती. ऑक्टोबर १९२९ मध्ये त्याने 'द ब्रिज वर्ल्ड' हे मासिक काढले. त्याच महिन्यात वॉल स्ट्रीट कोसळले. कुठल्याही नव्या धंद्याला याहून अशुभ मुहूर्त मिळाला नसता, पण मंदीने माणसांना घरी बसवले, नाटक-हॉटेलचा खर्च परवडेनासा झाला आणि थोडक्या पैशांतल्या एका कॅटवर चार माणसांची संध्याकाळ निघू लागली. मासिक तगले, वाढले. सप्टेंबर १९३० मध्ये आलेले त्याचे 'ब्लू बुक' देशभर खपले.

मासिकाच्या पहिल्या अंकाच्या सुमारास आणखी एक घटना घडली. ती बाजूला ठेवून कल्बर्टसनची गोष्ट सांगता येत नाही. २९ सप्टेंबर १९२९ च्या रात्री कॅन्सस सिटीत जॉन आणि मर्टल बेनेट हे जोडपे शेजारच्या हॉफमन दांपत्याबरोबर ब्रिज खेळत होते. जॉनने इस्पिक बोलीला सुरुवात केली, मर्टलने चार इस्पिकांपर्यंत नेली आणि आपली पाने डमी म्हणून खाली मांडली. करार दहा हातांचा. जॉनला तो पुरा करता आला नाही. शब्दाला शब्द लागला, बायकोने त्याच्या खेळाची लाज काढली, त्याने पाहुण्यांदेखत तिला थोबाडीत मारल्या. मर्टलने आतून पिस्तूल आणले. जॉन बेनेट त्याच रात्री मेला. १९३१ मध्ये खटला चालला. माजी सिनेटर जेम्स रीड यांनी मर्टलचे वकीलपत्र घेतले होते आणि ज्यूरीने तिला निर्दोष सोडले.

साऱ्या अमेरिकेला या खटल्याने पछाडले होते. त्या रात्रीची पाने कुणीही टिपून ठेवली नव्हती. तरीही काही काळाने एक डाव छापून आला आणि हाच तो जीवघेणा डाव, असे सांगितले गेले. तो खरा असल्याची खात्री आजही कुणी देऊ शकत नाही. कल्बर्टसनने त्याचे साग्रसंगीत विश्लेषण केले आणि डिक्लेररने पहिल्याच हाताला नीट आखणी केली असती तर करार पुरा झाला असता, असे दाखवून दिले. एका माणसाच्या मृत्यूवर असा धंदा करणे कुणालाही खटकेल, आणि खटकायलाही हवे. पण ज्या लाखो वाचकांनी ते विश्लेषण वाचले, त्यांच्या मनात एक गोष्ट कायमची रुतली. करार बोलीत केला जातो, पण तो पाळला किंवा मोडला जातो तो पाने खेळताना; आणि बहुधा पहिल्या काही क्षणांतच.

ही आखणी म्हणजे नेमके काय, हे एका साध्या डावावरून कळेल. करार चार इस्पिकांचाच धरू. म्हणजे तेरापैकी दहा हात करायचे, तीन गमावले तरी चालतील. डिक्लेररकडे इस्पिक एक्का, राजा, गुलाम, दश्शी, नव्वी. बदामाचा एक्का, सत्ती, तिर्री. चौकटचे राजा, राणी, चव्वी. किलवरची अठ्ठी आणि छक्की. समोर डमीत इस्पिक राणी, सत्ती, चव्वी. बदामाची अठ्ठी आणि चव्वी. चौकटचा एक्का आणि तीन हलकी पाने. किलवरची चार हलकी पाने. विरोधक किलवर खेळून सुरुवात करतात. मेंढीकोटावर वाढलेला खेळाडू इथे किलवरचे दोन हात देऊन, तिसऱ्याला हुकूम मारून, लगेच इस्पिक काढायला घेतो. हुकूम खेचून घेतले की विरोधकांची मारण्याची भीती संपते, ही सवय. आणि याच सवयीने तो बुडतो. कारण गमावण्याचे हात मोजले तर किलवरचे दोन आणि बदामाचे दोन, असे चार भरतात. परवानगी तिनाची. चौथा वाचवायचा भरवशाचा मार्ग एकच : डमीत बदाम दोनच आहेत, तेव्हा तिसरा बदाम डमीच्या हुकमाने मारायचा. सगळे हुकूम आधी काढले तर डमीत मारायला काही उरत नाही. म्हणून आधी बदामाचा एक्का, मग एक बदाम हसतमुखाने देऊन टाकायचा. विरोधकांनी त्यावर इस्पिक परत खेळले तरी डमीत दोन शिल्लक असतात. तिसरा बदाम राणीने मारायचा, कारण हलक्या इस्पिकावर वरचढ मारले जाण्याचा धोका असतो. नंतर चौकटच्या राजाने आपल्या हातात येऊन उरलेले हुकूम काढायचे. इस्पिकचे आपले पाच, डमीत मारलेला एक, बदामाचा एक्का आणि चौकटचे तीन. दहा हात झाले. यात कुठेही विलक्षण चाल नाही. फक्त मोजणे आहे, आणि ते योग्य वेळी करणे आहे.

दुसरा भाग दरवाजांचा. डमीत जिंकणारी पाने असतात, पण तिथे पोहोचायला एखादे मोठे पान लागते. ब्रिजवाले त्याला एन्ट्री म्हणतात. ती घाईत खर्च झाली की वरचे धन वरच राहते. पुण्याच्या वाचकाला हे समजावायला राजगड पुरे. वेल्ह्याकडून गुंजवण्याला उतरलेला माणूस चोरदरवाजाने पद्मावती माचीवर चढतो. वाट जवळची, पण अंगावर येणारी. पालीकडून गेले तर पायऱ्या ऐसपैस आहेत आणि थकलेली माणसेही पाली दरवाजा गाठतात. भोरच्या बाजूने भुतोंड्याहून आलेला संजीवनी माचीखालच्या अळू दरवाजाशी निघतो. कुठल्या वाटेने चढायचे आणि कुठल्या वाटेने उतरायचे, हे पायथ्याशी ठरते. माचीवर जाऊन अंधार पडल्यावर ठरवायला बसलेल्या मंडळींची फजिती भोर-वेल्ह्याच्या गावकऱ्यांनी पुष्कळ पाहिली असेल. डिक्लेररचेही तसेच. कल्बर्टसनने १९३४ मध्ये पाने खेळण्याच्या कलेवर स्वतंत्र 'रेड बुक' लिहिले. बोलीच्या पद्धतीमुळे त्याला पैसा मिळाला. पण जुन्या खेळाडूंच्या दृष्टीने ही दुसरी बाजूही तितकीच मोलाची होती.

पैसा मिळवण्याची त्याची तऱ्हा मात्र जाहिरातदाराची. सप्टेंबर १९३० मध्ये तो जोसेफिन, थिओडोर लाइटनर आणि वाल्डेमार फॉन झेडविट्झ यांना घेऊन लंडनला गेला आणि लेफ्टनंट कर्नल वॉल्टर बुलर यांच्या संघाला दोनशे डावांच्या सामन्यात ४,८४५ गुणांनी हरवून आला. अमेरिकेत जुन्या तज्ज्ञांनी १९३१ मध्ये एकत्र येऊन 'ऑफिशियल सिस्टिम' नावाची बोलीपद्धत जाहीर केली. तिचा रोख उघडच कल्बर्टसनवर होता. त्याने भांडण विकत घेतले. जुन्या पिढीतला मानाचा खेळाडू आणि हौशी जादूगार सिडनी लेंझ याला त्याने आव्हान दिले. १५० रबरांचा सामना. लेंझ जिंकला तर आपण पाच हजार डॉलर देऊ, आपण जिंकलो तर त्याने एक हजार द्यावे, आणि रक्कम दानधर्माला जावी.

७ डिसेंबर १९३१ ला न्यूयॉर्कच्या चॅटम हॉटेलात खेळ सुरू झाला, पुढे तो वॉल्डॉर्फ-अॅस्टोरियात हलला. मंदीच्या ऐन भरात बातमीदारांची झुंबड उडाली. पत्त्यांच्या एका सामन्याचे वृत्त देशभर तारेने जात होते. पंच म्हणून बसलेला लष्करी अधिकारी आल्फ्रेड ग्रुएंथर पुढे जनरल झाला आणि १९५३ ते १९५६ या काळात युरोपातील नाटो सैन्याचा सरसेनापती होता. लेंझचा जोडीदार तरुण ऑस्वल्ड जेकोबी. सुरुवातीला लेंझची आघाडी होती. नाताळ जवळ आला तसा पारडे फिरले. लेंझ आणि जेकोबी यांचे आपसांतच बिनसले आणि १०३ व्या रबरानंतर जेकोबी उठून गेला. त्याच्या जागी विन्फिल्ड लिगेट आला. ८ जानेवारी १९३२ ला सामना संपला तेव्हा कल्बर्टसन ८,९८० गुणांनी पुढे होता. इतक्या रबरांच्या मानाने हा फरक फार मोठा नव्हे, आणि पानांचे नशीब वजा केले तर कोणाची पद्धत श्रेष्ठ हे त्यातून सिद्ध झाले असेही म्हणता येणार नाही. पण लोकांच्या लेखी निकाल लागला होता. मोठ्या वकुबाचे खेळाडू एकेकटे असतात आणि नवरा-बायको एकत्र बसून जिंकतात, हे चित्र हजारो घरांना भावले. जोसेफिनचे शांत बसणे हाच कल्बर्टसनच्या धंद्याचा सर्वांत मोठा आधार होता.

पुढची पाच वर्षे भरतीची. वर्तमानपत्रांतली सदरे, रेडिओ, शिक्षकांच्या शाळा, प्लॅस्टिकचे पत्ते, न्यूयॉर्कमधला स्वतःचा क्रॉकफर्ड्स क्लब. १९३३ मध्ये लंडनला 'पॉप्स' बीझ्ली यांच्या संघाशी, १९३५ मध्ये हॅल आणि डोरथी सिम्स या जोडप्याशी सामने झाले. सिम्स दांपत्याला त्यांनी १५० रबरांत १६,१३० गुणांनी हरवले. कमाई उधळपट्टीत जात होती. घरात दोन मुले होती, त्यांच्या वाट्याला वडील फारसे येत नव्हते. जोसेफिन दमली होती.

१९३७ मध्ये बुडापेस्ट येथे झालेल्या जागतिक अजिंक्यपदाच्या स्पर्धेत कल्बर्टसन उतरला तेव्हा सोबत जोसेफिन, हेलन सोबेल आणि चार्ल्स व्होगलहोफर होते. अंतिम सामन्यात ऑस्ट्रियाच्या डॉ. पॉल स्टर्न यांच्या संघाने त्यांना हरवले. वर्षभरात हिटलरने ऑस्ट्रिया गिळला. स्टर्न लंडनला निसटले. त्यांच्या संघातला हान्स येलिनेक नाझींच्या छळछावणीत मेला. कल्बर्टसनच्या दृष्टीने पत्त्यांच्या टेबलावरची हार फार मोठी नसावी. पण त्या संघाची जी वाताहत झाली ती पाहून त्याचे मन खेळातून उडाले, असे मानायला जागा आहे. १९३८ मध्ये त्याचा आणि जोसेफिनचा घटस्फोट झाला. तरी ब्रिजच्या व्यवसायात ती त्याची भागीदार राहिली.

दुसऱ्या महायुद्धात त्याने जे हाती घेतले त्याला लोक हसले. राष्ट्रांच्या सैन्यबळाचा ठरावीक कोटा बांधून द्यायचा, कुणा एकाला उरलेल्या सर्वांवर मात करता येणार नाही अशी वाटणी करायची आणि त्यावर एक आंतरराष्ट्रीय फौज उभी करायची, अशी जागतिक संघराज्याची योजना त्याने मांडली. १९४३ चे 'टोटल पीस' हे पुस्तक याच विषयावरचे. पत्त्यांच्या कुबेराने जगाच्या शांततेची पाने वाटावीत, याची थट्टा होणे साहजिक होते. पण युद्धानंतर अमेरिकी काँग्रेसमधील काही सदस्यांनी या कल्पना गांभीर्याने उचलल्या, हेही खरे. स्वतःची कमाई आणि वर्षे त्याने त्यात ओतली. चाळिशीपर्यंत पैशाच्या मागे धावलेल्या माणसाने उतारवयात असे काही करावे, यात पोरवयातल्या क्रांतिकारकाचा अंश शिल्लक होता. हा त्याच्या चरित्रातला सर्वांत कमी ओळखला जाणारा आणि बहुधा सर्वांत प्रामाणिक भाग होय.

या काळात त्याचे राज्य मागून पोखरले गेले. चार्ल्स गोरेन या फिलाडेल्फियाच्या वकिलाने एक्क्याला चार, राजाला तीन, राणीला दोन, गुलामाला एक, अशी सोपी मोजणी लोकप्रिय केली. मिल्टन वर्क याने ती आधीच वापरात आणली होती. गोरेनने पानांच्या वाटणीचे गुण जोडून ती घरोघरी पोचवली. कल्बर्टसनचे अर्धे-दीड हात मोजायला कुणाला वेळ उरला नाही. शेवटी त्यालाही आपल्या पुस्तकांत गुणमोजणी स्वीकारावी लागली. १९४७ मध्ये त्याने केलेले दुसरे लग्नही टिकले नाही.

२७ डिसेंबर १९५५ रोजी व्हरमाँट राज्यातील ब्रॅटलबरो येथे कल्बर्टसन वारला. आयुष्यभर ओढलेल्या सिगारेटींनी फुप्फुसे निकामी केली होती. तीन महिन्यांनी, मार्च १९५६ मध्ये, जोसेफिनही गेली. १९६४ मध्ये 'द ब्रिज वर्ल्ड'ने ब्रिजपटूंच्या मानकऱ्यांची यादी सुरू केली, तेव्हा पहिली तीन नावे व्हँडरबिल्ट, कल्बर्टसन आणि गोरेन यांची होती. जोसेफिनचे नाव मानकऱ्यांत यायला १९९६ साल उजाडले.